सोऱ्याची उलटी वाट

रावेर-यावलकडच्या एखाद्या केळीच्या मळ्यात गेलो, तर ठिबक संचाच्या खोलीत विद्राव्य खतांच्या पिशव्या रचलेल्या दिसतात. त्यांपैकी एकीवर १३:०:४५ असे आकडे असतात. शेतकरी खताचे रासायनिक नाव घेत नाहीत. ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ असेच म्हणतात. पिशवीतले पांढरे स्फटिक म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यात १३ टक्के नत्र आणि ४५ टक्के पालाश असते. आपल्या पणजोबांना हाच पदार्थ दुसऱ्या नावाने ठाऊक होता. ते त्याला सोरा म्हणत.

सोरा, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते. तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असतो. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज आणि डच व्यापारी बिहारमधून गलबते भरभरून सोरा नेत, तो याच कारणासाठी. हा सोरा खाणीतून निघत नव्हता. जुन्या वस्तीची, गोठ्याजवळची, भिंतींच्या बुडाची माती खरवडायची, पाण्यात भिजवायची, पाणी गाळून आटवायचे आणि स्फटिक काढायचे, अशी ती रीत होती.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग पाडतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसे आणि जनावरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुलीतली राख पडली, शेणमूत मुरले, की मातीचा रंग आणि गुण बदलतो. गिरणाकाठचे बहाळ किंवा तापीकाठचे प्रकाशे येथील हजारो वर्षांच्या वस्तीची टेकाडे अशीच बनली आहेत. पांढरीची माती गाड्या भरून शेतात टाकली की पीक जोमाने येते, हे शेतकऱ्याला रसायनशास्त्राच्या आधीपासून माहीत होते. मात्र मुतातला आणि शेणातला नत्र सोऱ्याचे रूप कसा घेतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मिळाले. त्याच काळात सोरा नाहीसा कसा होतो, हेही कळले. आज खानदेशातल्या विहिरींच्या पाण्याचा विचार करताना ही दोन्ही उत्तरे कामी येतात.

सोरा कोण बनवतो?

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी एक साधा प्रयोग केला. काचेची एक लांब नळी वाळू आणि चुनखडीने भरली. तिच्यातून शहरातले सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. सांडपाण्यातला अमोनिया जसाच्या तसा खालून बाहेर पडत होता. त्यानंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. ही केवळ रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवसांची वाट पाहणे हे काहीतरी वाढत असल्याचे लक्षण होते. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि नायट्रेट बनणे थांबले. पुढे क्लोरोफॉर्म काढून थोडे मातीचे पाणी घातले, तेव्हा काही दिवसांनी क्रिया पुन्हा सुरू झाली. म्हणजे काम करणारे सजीव होते.

हे सजीव वेगळे काढायला आणखी तेरा वर्षे लागली. १८९० साली झुरिचमध्ये सर्गेई विनोग्रॅडस्की यांना ते साधले. इतरांना अपयश आले, कारण ते जीवाणूंना जिलेटिनसारखे सेंद्रिय खाद्य देत होते. या जीवाणूंना त्याची गरज नव्हती. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून ते ऊर्जा मिळवतात आणि आपला कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. पांढरीतला सोरा बनवणारे कारागीर सापडले.

आणि तो मोडतो कोण?

मोसंबी, लिंबू किंवा द्राक्षे लावणाऱ्या शेतकऱ्याला बोर्डो मिश्रण सांगावे लागत नाही. मोरचूद आणि कळीचा चुना मिळून होणारे हे बुरशीनाशक १८८०च्या दशकात फ्रान्समधील बोर्डो येथे सिद्ध झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्याबरोबर त्यावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते युलिस गेयाँ. ते पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले होते.

याच गेयाँ यांनी गाब्रिएल द्युपती या सहकाऱ्याबरोबर १८८२ साली दाखवून दिले, की नायट्रेट घातलेल्या पाण्यात थोडे सांडपाणी मिसळून ते बंद ठेवले, तर नायट्रेट नाहीसे होते आणि नायट्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. पाणी तापवले किंवा त्यात क्लोरोफॉर्म घातले, तर क्रिया थांबते. १८८६ साली त्यांनी असे करणारे दोन जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे केले. या क्रियेला त्यांनी दिलेले नाव आजही चालते. मराठीत आपण तिला विनत्रीकरण म्हणतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. हे जीवाणू नायट्रेट ‘खातात’ असे आपण सहज म्हणतो, पण खरे म्हणजे ते नायट्रेटवर श्वास घेतात. आपण अन्नातल्या कार्बनचे ऑक्सिडीकरण करण्यासाठी हवेतला ऑक्सिजन वापरतो. हवा असेल तर हे जीवाणूही तेच करतात. हवा संपली की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात, आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. म्हणून विनत्रीकरणाला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : नायट्रेट, हवेचा अभाव आणि कार्बनयुक्त अन्न. हिशेब केला तर एक किलो नत्र घालवण्यासाठी किमान एक किलोहून थोडा जास्त कार्बन लागतो. पुढे येणाऱ्या साऱ्या गोष्टीचे मर्म या तिसऱ्या अटीत आहे.

गेयाँ यांच्या शोधाचे शेतकी शास्त्रज्ञांनी स्वागत केले नाही. १८९५ साली जर्मनीत पाउल वाग्नर यांनी असा इशारा दिला, की कच्चे शेणखत आणि काडीकचरा यांमुळे हे जीवाणू जमिनीतला मोलाचा नत्र उडवून लावतात. त्या काळी नायट्रेट चिली देशाहून जहाजाने आणावे लागे. ते हवेत घालवणारा जीवाणू शेतकऱ्याचा शत्रूच ठरला.

नत्र स्वस्त झाला

१९०९ साली फ्रिट्स हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे सिंद्रीचा खत कारखाना १९५१ साली उत्पादन देऊ लागला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात संकरित वाणे आली आणि युरियाची गोणी घरोघर पोचली. त्या गोणीने अन्नधान्याची टंचाई हटवायला मदत केली, हे विसरून चालणार नाही.

आता खानदेशचा हिशेब मांडू. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र द्यावा अशी शिफारस आहे. दीड मीटर अंतराने लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात, म्हणजे हेक्टरी सुमारे ८९० किलो नत्र झाला. युरिया जमिनीत पडला की त्याचा अमोनिया होतो, आणि विनोग्रॅडस्कींचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियमचा भार धन, त्यामुळे ते मातीला धरून राहते. नायट्रेटचा भारही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही आणि ते पाण्याबरोबर खाली उतरते. एक दशांश नत्र असा निसटला असे धरा. ते झाले ८९ किलो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र नायट्रेटच्या रूपात चालतो. ८९ किलो नत्र ८९ लाख लिटर शुद्ध पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो, आणि हे फक्त एका हेक्टरातून. गावातले उकिरडे, गोठे आणि संडासांचे शोषखड्डे यांची भर वेगळीच.

केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहण्यांत महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांत मर्यादेबाहेर नायट्रेट असलेल्या विहिरी आढळल्या, त्यांत जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे आहेत. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, रावेर आणि यावल तालुक्यांत, उपसा इतका झाला की त्यांची गणना अतिशोषित तालुक्यांत झाली. धुळ्याकडे मुरूम आणि काळा दगड आहे. तिथले पाणी दगडाच्या भेगांतून चालते. भेगांत मातीची गाळणी नसते आणि कार्बनही नसतो. नायट्रेट तिथे पोचले, की त्याला मोडणारे कोणी वाटेत भेटत नाही.

आयोवातली दोन बाळे

नायट्रेटने बिघडते काय? १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कोमली या डॉक्टरांनी दोन तान्ह्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. बाळे निळी पडत होती. हृदय आणि फुप्फुसे तर ठीक होती. दोन्ही घरांत वरच्या दुधात विहिरीचे पाणी घातले जाई, आणि त्या पाण्यात नायट्रेट फार होते. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते, की त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. पुढे अमेरिकेत अशा प्रकरणांची पाहणी झाली. लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी नायट्रेट-नत्र असलेल्या पाण्याने झालेले एकही प्रकरण तीत सापडले नाही. मर्यादा तिथून आली. नायट्रेटच्या वजनात ती सुमारे ४५ मिलिग्रॅम होते. भारतीय मानकाने २०१२ साली हाच आकडा कायम ठेवला आणि त्याला कसलीही सूट ठेवली नाही. आईच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका नाही. वरचे दूध घेणाऱ्या, सहा महिन्यांखालच्या बाळाला तो जास्त आहे, आणि पोटाचा जंतुसंसर्ग असेल तर आणखी वाढतो, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले.

शिक्षकांनी गावात आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट येथे आहे. नायट्रेटला चव, रंग किंवा वास नसतो. ते क्लोरीनने जात नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. उलट, उकळल्यावर पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणून ते दाट होते. बाळासाठी काळजीने दहा मिनिटे पाणी उकळणारी आई नकळत त्याचे प्रमाण वाढवत असते.

जीवाणू कमी पडत नाहीत

भूजल जीवाणूंकडून स्वच्छ करवण्याचा मोठा प्रयोग प्रथम पेट्रोलवर झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अँब्लर गावाजवळ नळातून गळलेले पेट्रोल भूजलात उतरले होते. रिचर्ड रेमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली तिथे बाहेरून जीवाणू आणले नाहीत. पेट्रोल फस्त करणारे जीवाणू तिथल्या मातीत होतेच. पेट्रोलमध्ये कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद नाही, आणि जमिनीखाली हवाही कमी. रेमंड यांनी विहिरींतून हवा आणि नत्र-स्फुरदाची खते सोडली. बाकीचे काम जीवाणूंनी केले.

याच सुमारास अमेरिकेत आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलातील अनेक घटक पचवणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडवला. १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटला मान्यता दिली, आणि तो जगभर गाजला. प्रत्यक्ष तेलगळतीवर मात्र तो वापरला गेला नाही. अँब्लरचा धडा साधा होता आणि तोच टिकला : बहुतेक ठिकाणी जीवाणू कमी नसतात, त्यांच्या ताटातला एखादा पदार्थ कमी असतो.

खानदेशात उलटी स्थिती आहे. अँब्लरला पाण्यात कार्बन होता आणि खत घालावे लागले. आपल्या विहिरींत खत उतरले आहे, उणीव कार्बनची आहे.

ही उणीव भरून काढण्याचा सोपा मार्ग कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात रॉबर्टसन आणि चेरी यांनी शोधला. घराच्या शोषखड्ड्यातून झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटेत त्यांनी लाकडाचा भुसा मिसळलेल्या वाळूचा थर घातला. भुसा सावकाश कुजतो, कुजताना हवा संपवतो आणि जीवाणूंना कार्बन देतो. पाणी थरातून पार होईतो त्यातले बहुतेक नायट्रेट गेलेले असते. त्यांचा लेख १९९५ साली आला, वाग्नर यांच्या इशाऱ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. शेतकऱ्याचा शत्रू विहिरीचा राखणदार झाला. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली शिपर यांनी भूजलाच्या वाटेत भुशाची अशीच एक भिंत जमिनीत गाडली. चौदा वर्षांनंतरही ती काम करत होती. कोमलींच्या आयोवात आज शेतांच्या निचऱ्याचे पाणी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या चरांतून सोडतात.

आपल्या पऱ्हाट्या, आपले चर

खानदेशात कार्बनला तोटा नाही. कापसाच्या वेचण्या संपल्या, की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पेटवले जातात. केळीचा घड उतरला की खांब कापून टाकतात. केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते आणि तो लवकर सडून संपतो. पऱ्हाटी लाकडासारखी आहे, ती सावकाश कुजेल. बारीक केलेल्या पऱ्हाट्यांचा चर उकिरड्याच्या किंवा शोषखड्ड्याच्या उताराला, विहिरीच्या आधी घालणे, ही कल्पना गेयाँ यांच्या तीन अटींतून सरळ निघते.

पण या उपायाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. चर उथळ पाणीच अडवू शकतो. यावलच्या खोल कूपनलिकेपर्यंत तो पोचत नाही. धुळ्याच्या दगडात पाणी कोणत्या भेगेने येते हे ठाऊक नसेल, तर चर भलत्याच जागी पडेल. सुरुवातीला कुजणाऱ्या काड्यांमुळे पाण्याला रंग येतो, म्हणून चर विहिरीला खेटून असू नये. क्रिया अर्धवट राहिली तर नायट्राइट उरते, ते नायट्रेटपेक्षा वाईट. शिवाय नायट्रस ऑक्साइड हा वायूही निघतो, आणि वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट आहे. आणि भूसा, चर, जीवाणू काहीही केले, तरी वरून गोणी ओतणे चालूच राहिले तर उपयोग नाही. पहिला उपाय खत मोजून आणि वाटून देण्याचा आहे. ठिबकातून दर आठवड्याला थोडे थोडे खत देणारा शेतकरी तो करत असतो.

विहीर पुनर्भरणाबाबतही एक सावधगिरी हवी. शेतातले पावसाचे पाणी विहिरीत सोडण्याआधी आपण वाळू-खडीचा गाळणखड्डा करतो. त्याने गाळ अडतो. नायट्रेट विरघळलेले असते, ते वाळूतून सरळ आत जाते.

वर्गातला प्रयोग

श्लेझिंग आणि गेयाँ यांचे काम शाळेत करून पाहता येते. एक ग्रॅम १३:०:४५ चार लिटर पाण्यात विरघळवा. लिटरमागे सुमारे दीडशे मिलिग्रॅम नायट्रेट होईल. तीन बाटल्या घ्या. पहिलीत हे पाणी, चमचाभर बागेतली माती आणि चिमूटभर साखर. दुसरीत पाणी आणि माती, साखर नाही. तिसरीत उकळून थंड केलेले पाणी आणि साखर, माती नाही. बाटल्या तोंडापर्यंत भरा, पण बुचे सैल ठेवा, कारण वायू निघतो. मत्स्यपेटीचे सामान विकणाऱ्याकडे नायट्रेट-नायट्राइट तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. दर दोन दिवसांनी तिन्ही बाटल्या तपासून तक्ता करा. बुडबुडे पुरावा म्हणून धरू नका, साखर आंबूनही वायू येतो. पट्टीवरचा नायट्रेटचा रंग पाहा. मधेच नायट्राइट दिसले तर त्याची वेगळी नोंद करा. पाणी चाखू नये, प्रयोग संपल्यावर झाडाला घालावे.

तिन्ही बाटल्यांचा तक्ता पुरा झाला की उरलेल्या पट्ट्यांनी शाळेचा हातपंप आणि मुलांच्या घरच्या विहिरी तपासा. पट्टी अंदाज देते. आकडा ४५च्या वर वाटला तर नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि त्या घरात वरचे दूध पिणारे बाळ आहे का, ते त्याच दिवशी विचारावे. असेल, तर बाळासाठी दुसरीकडून तपासलेले पाणी आणायला सांगावे.